अडीचची की चारची? वाचनालयाच्या सभागृहातल्या स्पीकर वायरिंगच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

काम ठरलं. आमच्या वाचनालयाचं सभागृह रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दोनशे खुर्च्या, मागे सज्जा, वर पत्रा. गाण्याचा कार्यक्रम असला की डग्गा नको तितका घुमतो आणि गळा बारीक लागतो, ही इथली जुनी तक्रार. यंदा दिवाळी पहाटेला ती फारच जाणवली. गायिकेची पट्टी काळी पाच. मध्य सप्तकातला षड्ज आणि त्याच्या आसपासचे स्वर कोरडे ऐकू येत होते. तारसप्तकात गेल्यावर आवाज एकदम पुढे यायचा. साउंडवाल्याने बास खाली घेतला, तर तबल्यातला जीवच गेला.

कार्यकारिणीत नवीन स्पीकर घेण्याचा विषय निघालाय. आहे ती यंत्रणा आधी मोजून बघू या, असं मी सुचवलं. कार्यवाहकाका म्हणाले, "बघ बाबा, पण जानेवारीच्या कार्यक्रमाआधी उरक."

सध्याची मांडणी अशी: रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बॉक्स. खालचा खुर्च्यांकडे, वरचा सज्जाकडे वळवलेला. प्रत्येक बॉक्स ८ ओहमचा, १२ इंची वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) आणि हॉर्न (वरच्या स्वरांचा). एका बाजूचे दोन्ही बॉक्स पॅरलल जोडलेले, त्यामुळे अँपला (अँप्लिफायरला) ४ ओहमचा भार दिसतो. अँप मात्र हॉलच्या पार मागे, मिक्सरच्या खोलीत. तिथून वायर भिंतीने वर, पत्र्याखालून पुढे आणि पुन्हा खाली रंगमंचावर येते. टेपने मोजली, एका बाजूला २८ मीटर. लाल-काळी चपटी वायर, तीही बारीक. माझा संशय तिच्यावरच आहे.

१७ नोव्हेंबर

आज फक्त वायर.

टोकाचं इन्सुलेशन सोलून तारा पांढऱ्या कागदावर पसरल्या आणि मोजल्या. २३ भरल्या. म्हणजे दुकानात जिला "तेवीस-शहात्तर" म्हणतात ती: २३ तारा, प्रत्येकीचा व्यास ०.००७६ इंच, म्हणजे ०.१९३ मिमी. ही इंचातली जुनी ब्रिटिश मापं आपल्याकडे स्पीकर वायरीच्या गुंडाळ्यांवर अजून चालतात. सगळ्या तारा मिळून तांब्याचं क्षेत्रफळ ०.६७ चौ. मिमी. घरातल्या दिवा-पंख्याला आपण दीडची (दीड चौ. मिमी तांब्याची) वायर ओढतो. इथे तिच्या निम्म्याहून कमी तांब्यावर शेकडो वॅटचा अँप चाललाय. अँपच्या टर्मिनलमध्ये तर १९च तारा घुसलेल्या दिसल्या. सोलताना चार तुटल्या असणार.

हिशेब सरळ आहे. १ चौ. मिमी तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध २० अंशांना साधारण १७.२४ मिलिओहम. ०.६७ ला तो २५.६ होतो. वीज जाते आणि परत येते, म्हणून २८ मीटरच्या वायरीत तांबं ५६ मीटर. गुणाकार केला की १.४३ ओहम.

हे प्रत्यक्ष ताडून बघायचं तर साधा मल्टिमीटर उपयोगाचा नाही. त्याचे प्रोब एकमेकांना टेकवले तरी पडद्यावर ०.३ ओहम दिसतो, तो प्रोबचाच असतो. म्हणून चार तारांची पद्धत वापरली. रंगमंचाकडच्या टोकाला लाल-काळी एकत्र पिळून घट्ट केली. अँपकडच्या टोकातून बेंच सप्लायने (हवा तेवढा प्रवाह देणाऱ्या यंत्राने) बरोबर १ अँपिअर सोडला. मीटर व्होल्टवर ठेवून त्याचे प्रोब सप्लायच्या चिमट्यांना न लावता, चिमट्यांच्या पुढे उघड्या तांब्यावर टेकवले. मीटरमधून प्रवाह जवळजवळ जातच नाही, त्यामुळे चिमट्यांचा आणि प्रोबचा रोध मोजणीत येत नाही. प्रवाह १ अँपिअर असल्याने जितके व्होल्ट तितकेच ओहम.

उजवी बाजू १.४६. हिशेबाला धरून आहे. डावी बाजू १.८६. तीच वायर, तीच लांबी, मग वरचे ०.४ ओहम कुठून आले? पत्र्याखाली कुठेतरी जॉइंट असणार.

२४ नोव्हेंबर

आजची मोजणी या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची, म्हणून सविस्तर लिहितो.

वायर बारीक असली की आवाज कमी होतो, इतकं सगळ्यांनाच ठाऊक असतं. ते खरंही आहे. ४ ओहमच्या भाराला १.४६ ओहम वायर जोडली तर एकूण शक्तीतला २७ टक्के भाग वायर गरम करण्यात जातो. पण तेवढंच असतं तर व्हॉल्यूम थोडा वाढवून भागलं असतं. खरी अडचण वेगळीच आहे. बॉक्सच्या मागे "८ ओहम" छापलेलं असलं, तरी स्पीकर प्रत्येक स्वराला ८ ओहम नसतो.

एक बॉक्स सुटा करून १०० ओहमच्या रेझिस्टरमागे लावला आणि वेगवेगळ्या वारंवारतेला त्याचा इम्पीडन्स, म्हणजे त्या त्या स्वराला तो दाखवतो तो रोध, काढला. ९२ हर्ट्झला ३८ ओहम! हा वूफर आणि त्याचा बॉक्स यांच्या एकत्रित अनुनादाचा डोंगर. तिथे वूफरचा कोन (हलणारा पडदा) जोरात हलतो, त्याच्यासोबत हलणारी कॉइल स्वतःच उलटा दाब (व्होल्टेज) तयार करते आणि प्रवाहाला अडवते. खाली ३२ हर्ट्झच्या आसपास असाच दुसरा डोंगर आहे, पण गाण्यात तिथे फारसं काही नसतं. ९२ नंतर घसरण होत २५० हर्ट्झला ६.४ ओहम, सगळ्यात खोल जागा. तिथून परत चढ, १.८ किलोहर्ट्झला २१, कारण तिथे वूफर आणि हॉर्न यांची क्रॉसओव्हरमध्ये (दोघांना स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) अदलाबदल होते. १० किलोहर्ट्झला पुन्हा ८ च्या घरात. दोन बॉक्स पॅरलल, म्हणजे हे सगळे आकडे निम्मे.

आता यापुढे १.४६ ओहम मालिकेत जोडा. वायर आणि स्पीकर मिळून अँपचा दाब वाटून घेतात. स्पीकरचा इम्पीडन्स मोठा तिथे वायरीच्या वाट्याला थोडं येतं. तो लहान तिथे वायर मोठा घास घेते. अँपच्या टर्मिनलवर २.८३ व्होल्ट कायम ठेवून उजव्या बॉक्सच्या टर्मिनलवर मोजलं:

९२ हर्ट्झ – २.६३ व्होल्ट (०.६ डेसिबल घट)
२५० हर्ट्झ – १.९४ व्होल्ट (३.३ डेसिबल घट)
१.८ किलोहर्ट्झ – २.४८ व्होल्ट (१.१ डेसिबल घट)
१० किलोहर्ट्झ – २.०७ व्होल्ट (२.७ डेसिबल घट)

म्हणजे ९२ हर्ट्झ हा २५० च्या तुलनेत २.६ डेसिबलने वर बसलाय, आणि १.८ किलोहर्ट्झ २ डेसिबलहून जास्त. कोणीही बटण फिरवलेलं नसताना ही वायर एक इक्वलायझर (काही स्वर उचलणारं, काही दाबणारं साधन) होऊन बसली आहे. डग्ग्याचा घुमार साधारण त्या पहिल्या डोंगरावर येतो. काळी पाचचा षड्ज २३३ हर्ट्झ, म्हणजे थेट खड्ड्यात. श्रोत्यांची तक्रार आणि हे आकडे इतके चपखल जुळले की मी मोजणी पुन्हा करून बघितली. तेच आले.

घुमण्यामागे आणखी एक कारण आहे. अँपच्या माहितीपत्रकात डॅम्पिंग फॅक्टर २०० लिहिलाय. ८ ओहमला २०० म्हणजे अँपचा अंतर्गत रोध ०.०४ ओहम. कोन थांबायला हवा तिथे अँपने त्याला ब्रेक लावायचा असतो, आणि हा आकडा त्या ब्रेकची ताकद सांगतो. पण ब्रेकच्या वाटेत वायरही येते आणि स्पीकरची स्वतःची कॉइलही. कॉइलचा डीसी रोध मोजला ५.८ ओहम, दोन्ही मिळून २.९. त्यात १.५ ची भर पडली की कोनावरचा विद्युत ब्रेक दीडपट ढिला होतो. ऐकताना डग्ग्याची शेपूट लांबते. अर्थात वायर शून्य ओहमची केली तरी कॉइलचे २.९ राहणारच. म्हणून अँपचा डॅम्पिंग फॅक्टर २०० असो की ४००, त्याने काही बिघडत नाही. १.५ ओहमच्या वायरीने मात्र बिघडतं.

कोणाला हे करून बघायचं असेल तर दोन सूचना. साध्या मल्टिमीटरचा एसी रेंज काहीशे हर्ट्झपर्यंतच भरवशाचा असतो, वरची मापं मी दाब कमी करणारा व्होल्टेज डिव्हायडर लावून ऑडिओ इंटरफेसवर (सिग्नल संगणकात घेणाऱ्या उपकरणावर) घेतली. आणि अँपचं काळं टर्मिनल खरोखर ग्राउंड आहे की नाही, हे आधी तपासा. ब्रिज आउटपुटच्या अँपमध्ये काळ्यावरही सिग्नल असतो. तिथे इंटरफेसचा ग्राउंड जोडलात तर दोन्हींपैकी काहीतरी जळेल.

२८ नोव्हेंबर

शिडी लावून वायरमनदादा डाव्या बाजूच्या पत्र्याखाली शिरले. जॉइंट सापडला. नुसती पिळून टेप मारलेली. टेपचा गोंद पाघळून चिकट झाला होता आणि आत तांब्याला हिरवट कळकट थर. १ अँपिअर सोडून जॉइंटच्या दोन बाजूंना मोजलं तर ०.३८ व्होल्ट. म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत ०.३८ ओहम, जे एरवी या वायरीच्या सात मीटर लांबीत असतात. खारा वारा आणि कोकणातला पावसाळा उघड्या तांब्याचं हेच करतो. वायर कितीही जाड घेतली तरी असा एक जॉइंट तिचा सगळा फायदा खाऊन टाकेल. नव्या कामात मध्ये जॉइंट नको, हे आजच ठरवून टाकलं.

१ डिसेंबर

पर्यायांचा हिशेब. आयईसी ६०२२८ या मानकात लवचीक तांब्याच्या तारेचा जास्तीत जास्त रोध दिलेला आहे, २० अंशांना, किलोमीटरमागे: दीडला १३.३ ओहम, अडीचला ७.९८, चारला ४.९५. आपल्या आयएस ८१३० मध्येही हेच वर्ग आहेत. चांगल्या कंपनीची वायर याच्या आत बसतेच, म्हणून हेच आकडे धरले.

मांडणी आहे तशीच ठेवून, २८ मीटरवर फक्त वायर बदलली तर? डोंगर आणि खड्डा यांतला फरक आत्ता २.६ डेसिबल आहे. दीडच्या वायरीने तो १.५ वर येतो. अडीचने ०.९. चारने ०.६. पहिल्या बदलात एक डेसिबलहून जास्त हाती लागतं. अडीचवरून चारवर जाताना तांबं १.६ पट लागतं आणि मिळतात ०.३ डेसिबल. प्रत्येक पायरीला हाती येणारं कमी होत जातं.

वर पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी ४५ अंश सहज होतात. तांब्याचा रोध अंशामागे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांच्या तुलनेत दहा टक्के जास्त. तेवढी सोय धरावी लागेल.

माझं मत मात्र वेगळ्याच ठिकाणी येऊन ठेपलंय. जाडी वाढवण्याआधी लांबी कमी करावी. अँप मागच्या खोलीत असण्याची काही गरजच नाही. मिक्सर तिथे हवा, कारण साउंडवाल्याला हॉल दिसायला हवा. अँपला कोणी बघत बसत नाही. तो रंगमंचाच्या डाव्या विंगेत नेला तर डाव्या बॉक्सपर्यंत ७ मीटर आणि पडद्यामागून फिरून उजव्या बॉक्सपर्यंत १६ मीटर. मिक्सरपासून अँपपर्यंत २८ मीटर माइकची बॅलन्स्ड केबल (एकच सिग्नल सुलट आणि उलट असा दोन तारांतून नेणारी) जाईल.

त्या केबलच्या आतली तार ०.२२ चौ. मिमीची, म्हणजे काढून टाकायच्या वायरीच्याही एक तृतीयांश. जाऊन-येऊन ४.४ ओहम! पण पलीकडे भार ४ ओहमचा नसून अँपच्या इनपुटचा २० हजार ओहमचा आहे. घट निघते ०.००२ डेसिबल. केबलची धारिता (कपॅसिटन्स, जी वरचे स्वर कापते) मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तरी मिक्सरच्या १५० ओहम आउटपुटपुढे ती पावणेचार लाख हर्ट्झच्या आसपास कापायला लागते. कान २० हजारावर थांबतो. बॅलन्स्ड असल्याने वाटेत गोळा होणारी गुणगुणही अँपच्या इनपुटला वजा होते. जाड की बारीक हा प्रश्न पुढे किती ओहम बसलेत हे बघितल्याशिवाय सुटतच नाही, आणि वायरीच्या दुकानात नेमकं हेच कोणी विचारत नाही.

दुसरा बदल: दोन बॉक्सना एकच वायर नको, दोन वेगळ्या. त्या अँपच्या टर्मिनलवरच एकत्र येतील. मग प्रत्येक वायरीपुढे ४ नव्हे, ८ ओहमचा भार.

अडीचच्या वायरीने उजवीकडे १६ मीटरला ०.२५५ ओहम. खड्ड्यातली घट ०.३४ डेसिबल, डोंगरावरची ०.०६. फरक ०.२८. मागच्या खोलीतून चारची ओढून ०.६ मिळत होता. अँप हलवून अडीचमध्येच त्याच्या निम्म्यावर आलो. वायरीचा रोध भाराच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा असा एक चालत आलेला ठोकताळा आहे. ८ ओहमला तो ०.४ येतो. आपण उन्हाळ्यातसुद्धा त्याच्या बरेच आत आहोत.

कार्यवाहकाकांना हे कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "विंगेत अँपला उंदीर लागणार नाहीत ना?" जाळीचं कपाट करायचं ठरलं.

७ डिसेंबर

वायर आणली, आणि सोमवारी परत करायची आहे.

गुंडाळीवर अडीच छापलेलं, बाहेरून जाडजूड, लालबुंद तांब्याचा रंग. हातात घेतली तेव्हाच हलकी वाटली. दहा मीटर तुकडा कापून दोन्ही कोअरचं एक टोक पिळलं आणि १ अँपिअर सोडला. वीस मीटर तांब्याला ०.१६ ओहम यायला हवेत, आले ०.२६. जाडी बरोबर आणि रोध १.६ पट.

एक तार वेगळी काढून ब्लेडच्या पाठीने हलकेच खरवडली. लाल थर सुटला आणि खाली पांढरं चकचकीत. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. तीच तार लाइटरच्या ज्योतीत धरली तर टोक वितळून गोळी झाली आणि तार मान टाकून लोंबली. खात्रीच्या वायरीतली शुद्ध तांब्याची तार त्याच ज्योतीत लाल झाली, काळी पडली, पण उभी राहिली. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. तराजूही हेच सांगतो: अडीच चौ. मिमी शुद्ध तांब्याची एक मीटर तार २२ ग्रॅम भरते. हिची आठ-नऊच भरली.

अशी वायर कधीच वापरू नये असं मी म्हणणार नाही. रोधाच्या हिशेबाने हिची चारची गुंडाळी साधारण अडीचच्या तांब्याइतकी पडते, आणि पाटीवर काय आहे ते स्पष्ट लिहिलेलं असेल तर घेणारा ठरवेल. पण उघड्या अॅल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज नेत नाही. समुद्रकाठी स्क्रूखाली दाबलेल्या टोकाचं काय होईल ते २८ तारखेच्या जॉइंटने दाखवलंच आहे. आणि तांब्याच्या भावात विकून पाटीवर काहीच न लिहिणं ही सरळ फसवणूक आहे. दुकानदाराने वाद न घालता बदलून द्यायचं कबूल केलं. यापुढे गुंडाळी उघडण्याआधी टोक खरवडून बघायचं.

१५ डिसेंबर

आता कानांची परीक्षा. अँप तात्पुरता विंगेत. उजव्या खालच्या बॉक्सला तीन वायरी: जुनी २३/७६ (पूर्वीइतक्याच लांबीची), अडीचची आणि चारची, दोन्ही १६ मीटर. पडद्यामागे रिले (विजेवर चालणारे स्विच) लावून कुठली चालू आहे ते फक्त मला ठाऊक. तबल्यावर बसणारे आमचे अण्णा, गाणाऱ्या मावशी आणि शाळेतली दोन-तीन मुलं हॉलमध्ये. पेटी, तबला आणि बाईच्या गळ्याचं रेकॉर्डिंग.

जुनी वायर लावताना व्हॉल्यूम तेवढा वाढवून सरासरी पातळी सारखी केली, नाहीतर जे मोठं तेच सगळ्यांना चांगलं वाटतं. तरीही जुनी वायर सगळ्यांनी ओळखली. अण्णांचे शब्द असे: "डग्गा मारल्यावर लगेच सुटत नाही, चिकटतो." मावशींनी डग्ग्याबद्दल काही म्हटलं नाही. त्यांचं लक्ष गळ्यावर होतं: "खालचे स्वर पोकळ आहेत, नाकातून आल्यासारखे." दोघांनी एकाच वक्ररेषेची दोन टोकं सांगितली.

अडीच आणि चारमध्ये मात्र कोणालाच धड सांगता आलं नाही. एकदा ही बरी, एकदा ती बरी. उत्तरं अंदाजपंचे येत होती. हिशेबाने तिथला फरक एक अष्टमांश डेसिबल आहे, तो कानाला न कळणं स्वाभाविक. अण्णांना आधी वाटत होतं की चारचीच लावावी, मजबूत असते. हे ऐकल्यावर ते स्वतःच म्हणाले, अडीच पुरे.

१८ डिसेंबर

मुंबईच्या एका स्नेह्यांचा फोन. जाड वायरीत "स्किन इफेक्ट"मुळे ट्रेबल मरतो, तेव्हा फार जाड नको, असं त्यांनी ऐकलंय. परिणाम खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या कडेकडे सरकतो. तांब्यात २० किलोहर्ट्झला ही खोली ०.४६ मिमी. अडीचच्या तारेची त्रिज्या ०.८९, म्हणून तिथे रोध साधारण पाव पटीने वाढतो: १६ मीटरला ०.२५५ चा ०.३२ ओहम. चारच्या तारेत वाढ जास्त, जवळपास दीडपट, पण मुळात तिचा ०.१६ होता, तो ०.२४ पर्यंत जातो. म्हणजे सगळ्यात वरच्या स्वरालाही जाड तार बारीक तारेहून कमीच अडवते.

उलट वायरीचं इंडक्टन्स, म्हणजे वारंवारतेबरोबर वाढत जाणारा अडथळा, इथे जास्त मोजावं लागतं. एकमेकांना चिकटून जाणाऱ्या दोन तारांना मीटरला सुमारे ०.६ मायक्रोहेन्री; १६ मीटरला २० किलोहर्ट्झवर १.२ ओहम. आकडा मोठा दिसतो, पण तो ८ ओहममध्ये सरळ मिळवला न जाता काटकोनात जोडला जातो, घट फक्त ०.१ डेसिबल. जाडी वाढवून इंडक्टन्स फारसं कमी होत नाही. ते दोन तारांमधल्या अंतरावर ठरतं. म्हणून लाल एका पाइपातून आणि काळी दुसऱ्यातून नेऊ नये, एवढी काळजी पुरे.

५ जानेवारी २०२५

वायर ओढून झाली. पीव्हीसी कंड्युट, २३० व्होल्टच्या लायनीपासून वेगळा आणि हातभर दूर. जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात. वाटेत एकही जॉइंट नाही. टोकांना तांब्याचे कथील चढवलेले थिंबल (टर्मिनलला बसणाऱ्या टोप्या), नीट क्रिंप करून, म्हणजे दाबून घट्ट करून. क्रिंपचं तोंड हीट-श्रिंक नळीने बंद केलं, वारा आत जाऊ नये म्हणून. प्रत्येक टोक सोलल्यावर तारा मोजल्या, एकही तुटू दिली नाही. वायरमनदादांनी हे काम फार मन लावून केलं.

वायरमनदादांनी विचारलं, डावी ७ आणि उजवी १६, तर डावीकडे नऊ मीटर गुंडाळून ठेवायची का, दोन्ही सारख्या व्हायला? काही गरज नाही. विजेला ते नऊ मीटर जास्त कापायला ४५ नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम ०.०१५ मिमी पुढे जातो. श्रोत्याने मान हलवली तरी याच्या हजारो पट फरक पडतो. पातळीतला फरकही ०.२ डेसिबलच. गुंडाळी ठेवली असती तर नुसता रोध वाढला असता.

१२ जानेवारी

काढलेली २३/७६ वायर फेकायची नव्हतीच. बाहेरच्या ओसरीत आणि वाचनकक्षात सूचनांसाठी चार छोटे स्पीकर लावायचे होते, त्यांना हीच वापरली. तिथे १०० व्होल्ट लाइनची पद्धत. रेल्वे स्थानकांवर, शाळांत, देवळांत जी असते ती: अँपकडे दाब चढवायचा आणि प्रत्येक स्पीकरपाशी छोट्या ट्रान्सफॉर्मरने उतरवायचा. ६ वॅटचा एक स्पीकर १०० व्होल्टला १६६७ ओहम दिसतो, चार मिळून ४१७. वायर ५६ मीटर, रोध २.८७ ओहम. घट ०.०६ डेसिबल. हॉलमध्ये निम्म्या लांबीत ज्या वायरीने गाणं बिघडवलं, ती इथे दुप्पट अंतरावर अगदी योग्य आहे. टोकं उघडी ठेवली नाहीत, १०० व्होल्टचा झटका बसू शकतो. संगीतासाठी ही पद्धत मी सुचवणार नाही; छोटे ट्रान्सफॉर्मर खालच्या स्वरांना दबतात.

१९ जानेवारी

शेवटची मोजणी. उजवीकडे ०.२६ ओहम, डावीकडे ०.१२. अँपवर २.८३ व्होल्ट ठेवून बॉक्सवर: उजवीकडे ९२ हर्ट्झला २.८१, २५० ला २.७२, १.८ किलोहर्ट्झला २.८०. डावीकडे २५० ला २.७८. म्हणजे २५० हर्ट्झला उजवी बाजू जवळपास ३ डेसिबलने वर आली आणि जॉइंटवाली डावी पावणेचारने. अँप तोच, बॉक्स तेच.

मिक्सरवर साउंडवाल्याने वर्षानुवर्षांच्या अनुभवातून ९० हर्ट्झला खाच आणि २५० ला उंचवटा देऊन ठेवला होता. कानाने त्याने रोग बरोबर पकडला होता. पण कोनावरचा ढिला ब्रेक इक्वलायझरने आवळता येत नाही. आता दोन्ही शून्यावर आणले. मावशींनी काळी पाचमध्ये भूप घेतला, सावकाश, मंद्र पंचमापासून. खालचे स्वर भरीव आले. अण्णांनी डग्ग्यावर नुसता घिस्सा काढला आणि मान डोलावली. नवीन स्पीकरचा विषय कार्यकारिणीने तूर्त बाजूला ठेवलाय.

चारही वायरींची लांबी, माप आणि आजचा रोध यांचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, पुन्हा मोजायचं. आकडा वाढलेला दिसला तर आधी थिंबल बघायचे. सज्जाकडच्या डाव्या बॉक्सचा हॉर्न मोठ्या आवाजाला किंचित खरखरतो, त्याचा डायफ्रॅम कार्यक्रम झाल्यावर उघडणार आहे.